गिळलेला निरोप

काकाच्या ओट्यावरच्या फोनच्या पेटीचं कुलूप मी फोडलं. काकूच्याच वरवंट्यानं फोडलं, आणि तशी वेळ पुन्हा आली तर पुन्हा फोडीन. गावात अजून काही जण आहेत, ज्यांना वाटतं की मी आता मास्तरीण झाले, तर या गोष्टीवर तोंड मिटून बसेन. त्यांनी खुशाल वाट बघावी.

आमचं गाव पोशेऱ्याच्या पुढं, डोंगराच्या अंगावर. गाव म्हणायचं, पण आहेत सगळे विखुरलेले पाडे. वरच्या माचीवर आमची जमीनवाल्यांची घरं आणि ओढा ओलांडला की कातकरवाडी. वाडीला जमीन नाही. पावसात आणि कापणीला आमच्या शेतात मजुरी करायची, बाकीचे महिने ठाणे, भिवंडी, जिथं काम मिळेल तिथं जायचं. काका म्हणजे माझ्या वडिलांचा चुलतभाऊ. त्याचं घर सगळ्यांत उंचावर. नव्वदीच्या शेवटी गावाला सरकारी फोन मिळाला तेव्हा तो काकाच्या घरी बसवला, कारण त्याच्या दारातून मोखाड्याकडचा मनोरा सरळ दिसायचा. घरामागं लोखंडी खांब रोवला, खांबावर काड्याकाड्यांचा अँटेना, छपरावर उन्हाची बॅटरी भरणारी काळी पाटी. तार नव्हतीच, सगळं हवेतून. आसपासच्या गावांना मिळून एकच वाट होती. एका गावात कोणी बोलत असला की बाकीच्यांनी गप्प बसायचं.

फोन सगळ्यांचा होता. तसं साहेब लोकांनी सांगितलंही होतं. काकानं महिनाभरात त्याला लाकडी पेटी करून घेतली, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्यात अडकवली. जावयाचा फोन आला की तासभर हसणं-खिदळणं. आमच्या पाड्यातल्या कोणाचा आला तर पोरांना पिटाळून बोलावणं. आणि वाडीतल्या कोणासाठी आला तर, "बरं, बरं, सांगतो," आणि खाडकन खाली ठेवायचा. मी ते ओट्यावर बसून किती वेळा ऐकलं असेल. सांगत असेल, असंच मला वाटायचं. सगळ्यांनाच वाटायचं.

असं का वाटायचं, ते बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. फोनच्या आधी आमच्याकडं हाळी होती. मयत झालं, बाळंतीण अडली, जनावर दरीत पडलं, की माणूस माचीच्या टोकाला उभा राहायचा आणि तोंडाशी हात धरून पुढच्या डोंगराला ओरडून सांगायचा. तिथं ज्याच्या कानावर पडेल त्यानं हातातलं काम टाकायचं आणि त्याच्या पुढच्या डोंगराला द्यायची. निरोप कोणाचा, कोणासाठी, हे विचारायचं नाही. बांधावरून ज्याच्याशी हाणामारी झाली आहे, त्याच्या घरची हाळीसुद्धा पुढं द्यायची. जमीनवाला असो, कातकरी असो, ऐकणाऱ्याचं काम पुढं देणं एवढंच. कोणी हाळी ऐकून गप्प बसला, असं माझ्या आजोबांच्या तोंडूनही मी ऐकलं नव्हतं. मग फोन आला आणि लोक धरून चालले की ही लांब पल्ल्याची हाळी आहे. म्हणजे उचलणारा पुढं देणारच. पुन्हा विचारायचं काय त्यात?

माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटर शिकला. मध्यंतरी सुट्टीला आला तेव्हा सांगत होता की इंटरनेटवरून मोठा वाद पेटलाय. कंपन्या म्हणतात, आमच्या मर्जीचं आधी पोचवू, फुकट पोचवू, बाकीचं मागून रखडत येईल. आणि लोक म्हणतात, वाट ज्याच्या ताब्यात आहे त्यानं सगळ्यांना सारखंच जाऊ द्यावं. "मावशी, तुला नाही समजायचं हे," असं वर म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, बाळा, तुझ्या कंपन्यांच्या आधी मी हे माझ्या काकाच्या ओट्यावर बघितलंय, आणि त्या ओट्यावर रक्त सांडलंय.

दसऱ्यानंतरची गोष्ट. भात पिवळं पडलं होतं आणि सगळीकडं कापणी चालू होती. मी बारावी होऊन घरी होते, मास्तरीण व्हायच्या कोर्सला नंबर लागेपर्यंत शेतात राबायचं असा वडिलांचा हुकूम. आमच्या कापणीला वाडीतली एक बाई यायची, तिला मी वयनी म्हणायची. माझ्याहून थोडीच मोठी, हाताला एवढी चलाख की मी एक पेंढी बांधेपर्यंत ती पुढच्या बांधावर. नवरा आणि धाकटा दीर ठाण्याला खोदाईच्या कामावर गेले होते. रस्त्याच्या कडेनं चर खणायचे आणि त्यात जाड नळ्या टाकायच्या. नळ्यांतून कसल्या तारा जाणार, ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. भाचा म्हणतो, त्या वर्षांत इंटरनेटचंच काम चालू होतं सगळीकडं. असेल. वयनीचा नवरा त्या चरात गाडला गेला, एवढं मला माहीत आहे.

आम्हाला कळलं ते असं. भर दुपारी आम्ही वाकून कापत होतो. बांधावर कोणीतरी धापा टाकत उभं राहिलं. बघते तर तिचा दीर. पायांत चपला नाहीत, गुडघ्यापर्यंत धूळ, डोळे तांबारलेले. तो वयनीकडं बघतच राहिला.

"तू अठंच?" तो म्हणाला. "भात कापतंस?"

"मग कठं जाऊ?" वयनी हसली. "तू कसा आलास रं?"

"दादाला बघाया नाय आलीस. तो वाट बघून बघून अर्धा झाला. फोनावर सांगलाय ना तुला! रोज सांगतोय!"

वयनीच्या हातातला विळा तसाच राहिला. मग दिरानं तिथंच उकिडवं बसून सांगितलं. पावसानं माती ओली होती, चर डोक्याहून खोल. एक बाजू खचली आणि भावाच्या अंगावर आली. बाहेर काढला तेव्हा श्वास चालू होता, पण छातीचा पिंजरा मोडलेला. सरकारी दवाखान्यात ठेवलाय. डॉक्टर म्हणतात, बायकोला बोलवा, उशीर करू नका. जिवंत आहे. सारखं तिचंच नाव घेतोय. दिरानं त्याच दिवशी फोन लावला, दुसऱ्या दिवशी लावला, पुन्हा लावला. दर वेळी काका म्हणाला, "सांगितलं." तेव्हा आज पहाटेची एसटी पकडून तो स्वतः आला होता, वयनीला का येत नाही म्हणून जाब विचारायला.

ज्या शेतात आम्ही उभ्या होतो, तिथून काकाचा ओटा दिसत होता. हाक मारली असती तरी आम्हाला ऐकू आली असती. त्या सगळ्या दिवसांत वयनी तिथंच वाकलेली होती, काकाच्या डोळ्यांसमोर.

ती धावत सुटली. तिच्यामागं दीर, त्याच्यामागं मी. काका ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. वयनी पायरीशी थांबली, कारण वाडीची माणसं ओट्यावर चढत नसत.

"दादा, माझ्या मालकाचा फोन आलता?"

काकानं वर बघितलं. खोटं बोलला असता तरी चाललं असतं, मी म्हणते. खोटं बोलण्याइतकी तरी लाज धरायची. पण तो सरळ म्हणाला, "आलता. सांगणारच होतो."

"कधी?"

"उद्या माझी कापणी आहे. तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस, तुझ्याबरोबर निम्मी वाडी गेली असती. भात काय थांबतं का? दोन दिवसांनी काय बिघडणार होतं? तिथं डॉक्टर आहेत की."

मी काकाला लहानपणापासून ओळखत होते. त्याच्या मांडीवर खेळले होते. त्या क्षणी मला त्याचं तोंड फोडावंसं वाटलं, आणि हे मी आजही जसंच्या तसं सांगते.

वयनी रडली नाही. ती म्हणाली, "फोन लावून दे. मोखाड्याची जीप बोलव. माना आताच जायाचा हाय." दुपारची एसटी निघून गेली होती, चालत मोखाड्याला जाईपर्यंत अंधार पडला असता आणि पुढं गाडी नव्हती. जीपवाल्याच्या दुकानात फोन होता. एका फोनचं काम.

"लाइन मोकळी नाही," काका म्हणाला. बघितलंसुद्धा नव्हतं त्यानं.

"उघडून बघ, काका," मी ओरडले.

"तू घरी जा. पोरीच्या जातीनं मध्ये पडू नये."

दीर ओट्यावर चढला. काकानं त्याला लाथ घातली, छातीत, आणि तो पायऱ्यांवरून मागं कोसळला. मग वयनी चढली. त्या ओट्यावर तिचा पाय कधी लागला नव्हता. तिनं काकाच्या करगोट्याला हात घातला, किल्लीसाठी. काकानं तिचे केस धरले आणि तिचं डोकं ओट्याच्या खांबावर आपटलं. एकदा नाही, तीन-चारदा. तो आवाज मी विसरलेले नाही. ती किल्ली सोडेना. तिनं त्याच्या मनगटाचा लचका तोडला. काका गुरासारखा ओरडला आणि आतून काकू, शेजारून काकाचे दोन पुतणे, सगळे धावले.

मी तोवर स्वयंपाकघरातून वरवंटा आणला होता. पहिल्या घावाला कुलूप वाकलं, दुसऱ्याला कडी उपटून आली. पेटी उघडून मी फोन कानाला लावला. आत दुसऱ्याच गावची बाई बोलत होती, कोणाच्या तरी साखरपुड्याचं. "बाई, ठेवा, माणूस मरतंय!" मी ओरडले. तिला काय ऐकू जाणार? पण ती कधीतरी ठेवणार होती. थोडा धीर धरला असता तर लागला असता फोन.

धीर कोणाकडंच नव्हता. दीर उठला होता. तोंडातून रक्त येत होतं. त्यानं ओट्याखालची कुऱ्हाड उचलली आणि घरामागं गेला. मला वाटलं पुतण्यांच्या अंगावर जातोय. तो छपरावर चढला. त्याच्या हिशेबानं निरोप गिळला होता तो त्या खांबानं, त्या काड्यांनी. इतके दिवस तो घसा फोडून त्यातच ओरडला होता. वरून धाड धाड आवाज आला आणि साखरपुड्याची बाई अर्ध्या शब्दात गप्प झाली. "थांब! अरे थांब!" मी अंगणात उतरून किंचाळले. अँटेना छपरावरून घरंगळत अंगणात पडला होता.

मग जे झालं त्याला भांडण म्हणत नाहीत. वाडीची माणसं ओढा ओलांडून आली, आमच्या पाड्यातली कापणी टाकून आली, आणि प्रत्येकाच्या हातात विळा, नाहीतर काठी. काकाच्या कपाळावर दगड बसला आणि त्याचा सदरा लाल झाला. वाडीतल्या एका म्हाताऱ्याच्या डोक्यात काठी पडली, तो तिथंच बसला आणि पुन्हा बराच वेळ बोलला नाही. काकूनं माझ्या तोंडावर नखं ओढली. दिराला छपरावरून खाली खेचलं, खाली पडल्यावर चौघांनी लाथांनी तुडवला आणि दोरखंडानं त्याच फोनच्या खांबाला बांधला. त्याचा हात कोपरापासून भलतीकडंच वळला होता. मी विळ्यानं दोर कापायला गेले तर मागून कानाखाली अशी वाजली की मला दिसेनासं झालं. वळून बघितलं, तर वडील.

"आपलंसुद्धा भात उभं आहे," ते दात खाऊन म्हणाले. "कोणाची बाजू घेतेस तू?"

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. काकानं त्यांना सांगितलं होतं. मी त्यांच्या अंगावर विळा उगारला नाही, एवढंच. मनात उगारलेला अजून खाली आलेला नाही. पुढं ते वारले, त्यांचं मी सगळं केलं, पण ही गोष्ट त्यांना माफ केली नाही.

त्या सगळ्या गदारोळात वयनी कुठं आहे, हे कोणी बघितलंच नाही. ती माचीच्या टोकाला गेली होती. केस सुटलेले, अर्धं तोंड रक्तानं माखलेलं. दोन्ही हात तोंडाशी धरून तिनं हाळी दिली. बायका सहसा देत नाहीत. "मोखाड्याला सांगा! जीप धाडा! मालक मरतोय माझा!" तिचा आवाज फाटत होता. समोरच्या डोंगरावर कापणी करणारे उभे राहिले. त्यांनी विचारलं नाही की तू कोण. थोड्या वेळानं तिकडून एका पुरुषाचा आवाज त्याच्या पुढच्या डोंगराला गेला, मग आणखी लांबून बारीकसा एक आवाज आला, आणि मग ऐकू येईनासं झालं. काकाच्या अंगणात काठ्या खाली आल्या होत्या. आमच्यातले काही जण माना घालून उभे होते. काकू तेवढी शिव्या देत होती.

दिवस मावळायच्या आत जीप आली. वयनी एकटी चढली. सासूला आपल्या लहानग्या पोरीजवळ ठेवलं, आणि वाडीचे पुरुष रक्त पुसत बसले होते. दिराला सोडा, तो बरोबर जाऊ दे, असं तिनं हात जोडून सांगितलं. काकाच्या लोकांनी सोडला नाही. सकाळी पोलीस आले आणि सरकारी फोन फोडला म्हणून त्याला त्याच मोडक्या हातानिशी घेऊन गेले. काकाला कोणी काही विचारलं नाही. निरोप न सांगणं हा गुन्हा कुठं लिहिलेला आहे?

वयनी परत आली तेव्हा आमच्या खळ्यावर झोडणी चालू होती. मला वाटलं नव्हतं ती येईल, पण पोट कोणाला चुकलं आहे? कपाळावरची जखम खपली धरून होती, कुंकू नव्हतं. तिनं लाकडी पाटाशी जागा घेतली, पेंढी उचलली आणि आपटायला लागली. मी तिच्या शेजारी उभी राहिले. वडील लांब होते. मी हळूच विचारलं, "भेटला का गं जिवंत?"

"भेटला," ती म्हणाली.

मला इतकं हायसं वाटलं की मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि दुसरी पेंढी उचलली.

ती पोचली तेव्हा तो शुद्धीत होता. बोलत होता. तिला बघून आधी त्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, "कापणी झाली का तुझी?" तिनं सांगितलं, माना निरोपच नाय आला. त्या फोनवाल्यानं सांगलाच नाय. तिनं कपाळावरची जखम दाखवली, फोनावरून काय काय झालं ते सांगितलं. त्यानं मान हलवली. भाऊ रोज त्याच्या उशाशी येऊन सांगत होता की निरोप दिला, तिकडून "सांगितलं" म्हणाले. आता तो भाऊ कुठं आहे, असं त्यानं विचारलं. तो खांबाला बांधलेला होता, हे तिनं सांगितलं, तर तो हसला. तिला वाटलं, हसला म्हणजे पटलं. मग तिला कळलं की तो तिच्या थापेला हसतोय.

"गावातला माणूस निरोप गिळील?" तो म्हणाला. "असा कोणी असतो का? खोटा बोलायचा तर नीट तरी बोल."

"मी त्याचे पाय धरले, बाय," वयनी म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते, दाणे उडून आमच्या तोंडावर येत होते. "पोरीची शपथ घेतली. सगली रात बोलत होती मी. त्यानं भिंतीकडं तोंड केला तो केला. माझ्याकडं पाठ करून गेला."